एक टपोरा, चार हजार बारीक

पाऊस सुरू झाला की विल्सन बेंटली पीठ घेऊन अंगणात यायचा. अमेरिकेच्या व्हर्मांट राज्यातल्या जेरिको गावचा हा शेतकरी. पत्र्याच्या उथळ भांड्यात मऊ पिठाचा इंचभर थर द्यायचा, भांडं काही सेकंद पावसात धरायचं आणि लगेच आत न्यायचं. प्रत्येक थेंबाभोवती पिठाची एक गोळी वळली जायची. गोळ्या वाळल्या की त्या मोजायच्या. किती मोठ्या थेंबाची किती मोठी गोळी होते, हे त्यानं माहीत आकाराचे थेंब पिठात पाडून आधीच ठरवून ठेवलं होतं. हिमकणांच्या छायाचित्रांमुळे बेंटलीला जग ओळखतं. त्याचा पावसाच्या थेंबांवरचा लेख १९०४ साली अमेरिकेच्या हवामान खात्याच्या मासिकात छापून आला, पण पुढची कित्येक वर्षं त्याची फारशी कुणी दखल घेतली नाही. कुठल्या पावसात थेंब किती मोठे असतात, हे जाणून करायचं काय, हाच प्रश्न होता.

त्याचं उत्तर दुसऱ्या महायुद्धात मिळालं, तेही अडचणीच्या रूपानं. विमानं शोधायला निघालेल्या रडारच्या पडद्यावर पावसाच्या सरी दिसू लागल्या. सैन्याच्या लेखी तो निव्वळ कचरा होता. सरीच्या आड विमान लपलं तर काय करायचं, ही त्यांची काळजी. इंग्लंडमध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या वेम्बली इथल्या प्रयोगशाळेत जे. डब्ल्यू. राइड यांनी या कचऱ्याचं गणित मांडलं: पावसाचे थेंब रडारच्या लहरी किती परत फेकतात आणि किती गिळतात. युद्ध संपल्यावर हाच कचरा हवामानशास्त्रज्ञांनी उचलला.

त्यात आघाडीवर होती कॅनडातली मंडळी. सैन्यासाठी सुरू झालेला ‘स्टॉर्मी वेदर’ हा प्रकल्प स्टुअर्ट मार्शल यांनी माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात नेला. त्यांना एका प्रश्नाचं उत्तर हवं होतं. रडारला परत मिळणाऱ्या प्रतिध्वनीच्या ताकदीवरून जमिनीवर ताशी किती मिलिमीटर पाऊस पडतोय हे सांगता येईल का? त्यासाठी थेंबांचे आकार माहीत हवेत. मार्शल आणि त्यांचे विद्यार्थी वॉल्टर पामर यांनी पिठाऐवजी रंग लावलेले गाळणकागद पावसात धरले आणि त्यांवरचे डाग मोजले. १९४८ साली त्यांचा शोधनिबंध आला, जेमतेम दोन पानांचा. थेंबाचा व्यास वाढत जातो तशी त्या आकाराच्या थेंबांची संख्या ठरावीक प्रमाणात झपाट्यानं घटते, असा त्याचा सारांश. त्यातूनच पुढे रडारच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात जाऊन बसलेलं सूत्र आलं: प्रतिध्वनीचा आकडा म्हणजे पावसाच्या दराचा १.६ वा घात गुणिले २००.

सूत्र सुटसुटीत होतं, पण त्याच्या पोटात एक मोठी गोची होती. थेंबाचा प्रतिध्वनी त्याच्या व्यासाच्या सहाव्या घाताच्या प्रमाणात असतो, आणि त्यातलं पाणी व्यासाच्या तिसऱ्या घाताच्या. म्हणजे चार मिलिमीटर व्यासाचा एकच टपोरा थेंब जेवढा प्रतिध्वनी देतो, तेवढा द्यायला एक मिलिमीटरचे ४०९६ थेंब लागतात. पण पाण्याचा हिशेब केला तर त्या एका थेंबात फक्त ६४ बारीक थेंबांचं पाणी. प्रतिध्वनी सारखा आणि पाण्यात चौसष्ट पटींचा फरक. वैशाखातला वळीव टपोऱ्या थेंबांचा असतो आणि घाटातली आषाढझड बारीक थेंबांची, हे आपल्याकडे शेतावरच्या पोरालाही कळतं. रडारला ते कळत नव्हतं. त्याला दोन्हींचा आवाज एकच ऐकू यायचा.

मग ज्यानं त्यानं आपापल्या गावच्या पावसाचं सूत्र काढायला सुरुवात केली. लुई बॅटन यांनी १९७३ च्या आपल्या पुस्तकात अशा सूत्रांची यादीच दिली आहे. ती ६९ आहेत. एकाच गोष्टीसाठी ६९ सूत्रं असतील, तर आपल्याकडे खरं तर एकही नाही, असं मला ती यादी पाहताना वाटतं.

दरम्यान मॅकगिलमध्येच १९५४ साली वॉल्टर हिट्शफेल्ड आणि जॅक बॉर्डन यांनी आणखी एक धोंडा पायावर आदळणार असल्याचं दाखवून दिलं होतं. आखूड लहरींचं रडार वापरलं तर जवळचा पाऊस लहरी गिळतो आणि त्यामागचा पाऊस आहे त्याहून क्षीण दिसतो. गिळलेला भाग हिशेबानं परत मिळवता येतो, पण मूळ मोजमापात किंचितही चूक असेल तर ही दुरुस्ती तीच चूक पुढे पुढे फुगवत नेते. औषधच रोगाहून भारी. म्हणून ज्यांना परवडलं त्यांनी दहा सेंटिमीटर लहरींची आणि त्यासाठी लागणाऱ्या अवाढव्य तबकडीची रडारं बांधली. हा इशारा लक्षात ठेवू; पन्नास-साठ वर्षांनी तो सातारा जिल्ह्यात पुन्हा भेटणार आहे.

गोची सुटली ती थेंबाच्या आकृतीमुळे. जाहिरातींत आणि शाळेच्या तक्त्यांवर पावसाचा थेंब वर टोक आणि खाली गोल असा असतो. पडणारा थेंब तसा कधीच नसतो. मिलिमीटरभराचा थेंब जवळजवळ गोल असतो. तो मोठा होत जातो तशी खालून हवा रेटते आणि तो बुडाशी चपटा, वर फुगीर, थेट पेढ्यासारखा होतो. १९७० साली हान्स प्रुपाकर आणि केनेथ बियर्ड यांनी लॉस एंजेलिसमध्ये वर वाहणाऱ्या हवेच्या बोगद्यात थेंब अधांतरी तरंगत ठेवून हे नेमकं मोजलं. पाच मिलिमीटरच्या थेंबाची उंची त्याच्या रुंदीच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास भरते.

१९७६ साली ओहायो स्टेट विद्यापीठातले थॉमस सेलिगा आणि मूळचे भारतीय असलेले व्ही. एन. ब्रिंगी यांनी या पेढ्याचा उपयोग करून घेतला. रडारची लहर आडवी कंप पावणारी असू शकते किंवा उभी. दोन्ही पाठवा. थेंब चपटा असेल तर आडव्या लहरीचा प्रतिध्वनी उभ्या लहरीपेक्षा मोठा येईल, आणि जेवढा फरक जास्त तेवढे थेंब मोठे. आकार कळला की संख्या कळते, आणि दोन्ही कळलं की पाऊस. वळीव आणि झड यांना वेगळं ओळखण्याची खूण सापडली होती. तंत्राचं नाव दुहेरी ध्रुवीकरण, आणि दोन प्रतिध्वनींच्या गुणोत्तराचं नाव झेडडीआर. त्याच वर्षी ३१ जुलैला कोलोरॅडोतल्या बिग थॉम्प्सन दरीत काही तासांत फूटभर पाऊस कोसळला आणि १४० हून अधिक माणसं वाहून गेली. या दोन गोष्टींचा तेव्हा एकमेकींशी काही संबंध नव्हता.

कागदावरची कल्पना यंत्रात उतरवणं कठीण गेलं. ढगातल्या थेंबांची मांडणी काही मिलिसेकंदांत बदलते. आडव्या लहरीनंतर उभी पाठवायला उशीर झाला तर दोन्ही वेगवेगळ्या गर्दीकडून परत येतात आणि गुणोत्तराला अर्थ उरत नाही. शिकागो आणि इलिनॉय यांच्या नावांवरून ‘चिल’ म्हटल्या जाणाऱ्या रडारवर सेलिगा-ब्रिंगींनी पहिले प्रयोग केले. इंग्लंडमध्ये हँपशरमधल्या चिलबोल्टनच्या २५ मीटर व्यासाच्या तबकडीवर एका स्पंदागणिक लहर पालटण्याची सोय झाली, आणि १९८० साली तिथल्या निष्कर्षांचा निबंध ‘नेचर’मध्ये आला. कल्पना खरी ठरली होती.

पाठोपाठ दुसरी खूण सापडली, आणि माझ्या मते ती पहिलीहून चलाख आहे. चपट्या थेंबांच्या गर्दीतून जाताना आडवी लहर उभीपेक्षा किंचित मागे पडते. एकाच रस्त्यानं निघालेल्या दोघांपैकी एकाला गर्दीचा धक्का जास्त लागावा तसं. हे मागे पडणं मोजलं की वाटेत किती पाणी होतं ते कळतं. ओक्लाहोमातल्या नॉर्मनच्या वादळ प्रयोगशाळेतले दुशान झर्निच आणि कानपूरच्या आयआयटीतले एम. सच्चिदानंद यांनी १९८६-८७ मध्ये त्यावरून पाऊस काढण्याची रीत मांडली. प्रतिध्वनी किती मोठा हे इथे विचारायचंच नाही, किती मागे पडला एवढंच. त्यामुळे रडारची ताकद चुकीची मोजली असली तरी बिघडत नाही, डोंगरानं अर्धी लहर अडवली तरी चालतं. गारा गडगडत पडतात, सरासरीनं गोलच दिसतात, म्हणून त्याही फसवत नाहीत. खोट एकच: हलक्या पावसात मागे पडणं इतकं थोडं की ते गोंगाटात बुडून जातं, आणि स्वच्छ आकडा हवा असेल तर काही किलोमीटरांवर सरासरी घ्यावी लागते. म्हणजे मुसळधारेत भरवशाचं आणि भुरभुरीत निरुपयोगी.

या सगळ्याची परीक्षा झाली ती २८ जुलै १९९७ च्या संध्याकाळी. चिल रडार १९९० साली कोलोरॅडो स्टेट विद्यापीठाकडे आलं होतं आणि ग्रीली गावाजवळ उभं होतं. विद्यापीठ तिथून चाळीस-एक किलोमीटरवर, फोर्ट कॉलिन्स शहरात. बिग थॉम्प्सनची दरी या शहरापासून फार लांब नाही. त्या दिवशी डोंगराला चिकटून एक ढग शहराच्या पश्चिम टोकावर बसला आणि हलेना. कोरड्या कोलोरॅडोतली वादळं सहसा उंच, गारांची, कडकडाटाची. हा ढग मात्र बुटका आणि जवळजवळ मुका होता, उष्ण कटिबंधातून वाट चुकून आल्यासारखा. त्यातला बराचसा पाऊस गारा वितळून पडत नव्हता, थेंबाला थेंब भिडून तयार होत होता. पश्चिमेकडे दोन दिवसांत मिळून १४ इंचांहून जास्त पाणी पडलं, त्यातला मोठा वाटा त्या एका संध्याकाळचा. त्याच शहराच्या पूर्वेला साधी सर येऊन गेली.

स्प्रिंग क्रीक नावाचा एरवी ओलांडून जावा असा ओढा. पाणी रेल्वेच्या भरावामागे तुंबलं, भरावावरून उसळलं आणि खालच्या फिरत्या घरांच्या वस्तीत घुसलं. पाच जण दगावले. मालगाडी रुळावरून घसरली. विद्यापीठाच्या ग्रंथालयाचं तळघर भरलं आणि चार लाखांहून अधिक पुस्तकं पाण्याखाली गेली. दुहेरी ध्रुवीकरणाचं शास्त्र जिथे शिकवलं जात होतं, तेच हे विद्यापीठ.

शायेन आणि डेन्व्हर इथली सरकारी रडारं तेव्हा एकेरी होती. नेहमीच्या सूत्रानं त्यांनी पाऊस बराच कमी सांगितला. सूत्र टपोऱ्या थेंबांच्या वादळासाठी बेतलेलं, आणि पाऊस भलत्याच जातीचा. चिलनं नोंदवलेल्या लहरींवरून, विशेषतः त्या मागे पडण्यावरून काढलेला पाऊस जमिनीवरच्या पावसाच्या बराच जवळ आला. पण चिल हे संशोधनाचं यंत्र होतं, इशारे देणं हे त्याचं काम नव्हतं. सविस्तर विश्लेषण १९९९ मध्ये छापून आलं.

आणि जमिनीवरचा पाऊस तरी कुणी मोजला होता? शहरात मोजकी पर्जन्यमापकं. राज्याच्या हवामान कार्यालयातले नोलन डोस्केन आणि त्यांचे सहकारी पुरानंतर दारोदार फिरले. कुणाच्या अंगणातली बादली, कुणाची ढकलगाडी, कुणाचं हौसेनं लावलेलं मापक. रिकामं होतं का, कधी ठेवलं होतं, कडा सरळ होत्या की तिरक्या, असं विचारत त्यांनी शेकडो नोंदी जमवल्या. जगातल्या सर्वोत्तम रडारांपैकी एकाचा आकडा बरोबर की चूक, हे अखेर बादल्यांवर ठरलं. पुढच्या वर्षी डोस्केन यांनी स्वयंसेवकांची फळी उभारली. घरोघरी चार इंच तोंडाचं प्लॅस्टिकचं मापक आणि रोज सकाळी नोंद. ‘कोकोराझ’ नावाची ही चळवळ आज अमेरिकेच्या सर्व राज्यांत आणि कॅनडातही आहे.

सरकारी रडारांना दुहेरी करायचं ठरलं, पण आधी हिशेब दाखवणं भाग होतं. नॉर्मनजवळच्या एका रडारवर २००२-०३ मध्ये मोठा प्रयोग झाला. तासाभराच्या पावसाच्या अंदाजातली चूक एका ठिकाणापुरती सुमारे १.७ पट घटली, क्षेत्राच्या सरासरीत त्याहूनही बरीच. मग देशभरातली सुमारे १६० रडारं २०१३ पर्यंत बदलली गेली. मात्र एक काटकसर करून. एका स्पंदागणिक लहर पालटणारा जड, महागडा खटका वगळला आणि दोन्ही लहरी एकदमच पाठवायचं ठरलं. ताकद निम्मी-निम्मी वाटली गेली, हा उघड तोटा. आतला तोटा वेगळा होता. कुठलीही तबकडी निर्दोष नसते. आडव्या लहरीचा थोडा अंश उभ्यात झिरपतो. आळीपाळीनं पाठवताना ही गळती नगण्य ठरायची, एकदम पाठवताना ती थेट मोजमापात उतरू लागली. वादळाच्या माथ्यावर विजेच्या क्षेत्रानं तिरके उभे राहिलेले हिमस्फटिक आले की पडद्यावर झेडडीआरचे खोटे पट्टे उमटत.

पण सगळ्यांत चिवट ठरली ती शून्याची चूक. झेडडीआर हे गुणोत्तर आहे. दोन्ही प्रतिध्वनी सारखे असतील तेव्हा ते शून्य डेसिबल दाखवायला हवं. यंत्राच्या दोन वाटांपैकी एक जरा जास्त क्षीण असेल तर शून्यच सरकतं. ०.२ डेसिबलनं सरकलं, म्हणजे दोन वाटांत पाच टक्क्यांहूनही कमी फरक पडला, तर पावसाच्या आकड्यात सतरा-अठरा टक्क्यांची चूक येते. उन्हानं तार तापली, जोडणी सैल झाली, रडारवरच्या घुमटावरून पाणी ओघळलं, की एवढा फरक सहज पडतो. जे गुणोत्तर सूत्राची चूक काढायला आणलं, त्याचीच चूक काढत बसायची वेळ आली.

उपाय ऐकायला मजेदार आहे. तबकडी सरळ आकाशाकडे करायची आणि पाऊस डोक्यावर घ्यायचा. पेढा खालून पाहिला तर गोलच दिसतो. म्हणून या स्थितीत जे काही दिसेल ते शून्य, असं धरून यंत्र जुळवायचं. वर तोंड करून पाणी झेलणाऱ्या तबकडीवरून या रीतीला ‘बर्डबाथ’ म्हणतात, पाखरांसाठी ठेवलेलं पाणवठ्याचं ताट. युरोपातल्या अनेक रडारांवर ती रोजची गोष्ट आहे. अमेरिकेच्या सरकारी रडारांची तबकडी मात्र ६० अंशांच्या वर जातच नाही. ती नव्वदच्या दशकात उभी राहिली तेव्हा सरळ वर बघायची गरज कुणाच्या ध्यानीमनी नव्हती. मग शून्य शोधायला वणवण सुरू झाली. सूर्याच्या रेडिओलहरींत आडवं-उभं असा भेद नसतो, म्हणून सूर्याकडे बघा. पण त्यानं फक्त ऐकणारी बाजू तपासली जाते, पाठवणारी नाही. कोरड्या हिमाचे भुसभुशीत पुंजके जवळजवळ शून्य देतात, त्यांच्याकडे बघा. निरभ्र हवेतल्या ओलाव्याच्या भोवऱ्यांना आकारच नसतो, त्यांचा क्षीण प्रतिध्वनी पकडा. ही खटपट अजूनही चालू आहे.

सातारा जिल्ह्यात वाईजवळ, काळूबाईच्या मांढरदेवला, पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं तीन सेंटिमीटर लहरींचं दुहेरी रडार बसवलं. समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर उंची. तिथून सह्याद्रीचे ढग जवळून दिसतात. लहर आखूड, म्हणजे १९५४ चा इशारा इथे जसाच्या तसा लागू: जवळच्या मुसळधारेआडचा पाऊस क्षीण दिसणार. पण आता लहरीचं मागे पडणं मोजता येतं, आणि आखूड लहर त्याच पावसात दहा सेंटिमीटरच्या लहरीपेक्षा तिपटीच्या आसपास जास्त मागे पडते. ती किती गिळली गेली याचा अंदाज त्यावरून बांधता येतो, आणि हिट्शफेल्डच्या दुरुस्तीला लगाम बसतो.

अडचण पलीकडे आहे, महाबळेश्वरात. तिथल्या पावसाळ्यात साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला बराचसा बुटक्या, उथळ ढगांतून, बारीक थेंबांचा. बारीक थेंब गोल असतात. म्हणजे त्यांचा झेडडीआर शून्याला खेटून. ०.२ डेसिबलनं सरकलेलं शून्य तिथे खुणेएवढंच मोठं ठरतं. संस्थेच्या महाबळेश्वरातल्या प्रयोगशाळेत म्हणून थेंबमापक आहे. थेंब त्याच्या पन्नास चौरस सेंटिमीटरच्या तबकडीवर आदळतो, धक्क्याचा विद्युत्संदेश होतो आणि त्यावरून आकार नोंदला जातो. बेंटलीच्या भांड्याचं काम तेच. पीठ तेवढं गेलं.

२६ जुलै २००५ ला सांताक्रुझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर आणि कुलाब्याला ७३ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तेव्हा मुंबईत डॉप्लर रडार नव्हतं. आता कुलाब्यात आहे, २०२२ पासून अंधेरीच्या वेरावलीतही आहे. तरीही रडारचा आकडा ताडून बघायचा तर सकाळी साडेआठला मापकातल्या पाण्याचाच आकडा लागतो. भारतीय हवामान खात्याच्या नेहमीच्या मापकाचं तोंड २०० चौरस सेंटिमीटरचं असतं. रडार एका वेळी चौरस किलोमीटरभराचा पाऊस पाहत असेल, तर त्याची तुलना त्याच्या पाच कोटी पट लहान जागेशी होते. दोन आकडे जुळले नाहीत की चूक रडारच्या खात्यात मांडली जाते. जुलैतल्या महाबळेश्वरी वाऱ्यात बारीक थेंब त्या तोंडावरून आडवेच निघून जातात, त्यांची नोंद कुठल्याच वहीत होत नाही.